शब्दचर्चा : गेममधला ‘व्हिलन’, त्याचे ‘रेटिंग’ आणि चाहत्यांच्या अटकळी

विचारणा

एका मासिकासाठी मी व्हिडिओ गेमवर लेख लिहीत आहे. विषय आहे इन्सोम्नियॅक गेम्स या कंपनीचा, मार्व्हलच्या कॉमिक्समधल्या वुल्व्हरिन या सुपरहिरोवरचा ‘मार्व्हल्स वुल्व्हरिन’. प्लेस्टेशन ५ वर येणाऱ्या या गेमची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये झाली आणि प्रत्यक्ष खेळाची झलक थेट सप्टेंबर २०२५ मध्ये पाहायला मिळाली. मधली चार वर्षे चाहत्यांनी मुख्यतः दोन प्रश्नांवर काढली : वुल्व्हरिनसमोर कोण उभे ठाकणार, आणि गेमला अमेरिकेतले ‘एम’, म्हणजे सतरा वर्षांपुढील व्यक्तींसाठीचे, रेटिंग मिळणार का. मी मसुद्यात असे वाक्य लिहिले होते : ‘खलनायकांबाबत आणि मानांकनाबाबत चाहते अंदाज वर्तवीत आहेत.’ संपादकांनी ‘खलनायक’, ‘मानांकन’ आणि ‘अंदाज वर्तवणे’ या तिन्ही शब्दांखाली रेघ ओढून मसुदा परत पाठवला. कारण मात्र लिहिले नाही. येथील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

ताई, ‘अंदाज वर्तवणे’ या प्रयोगापासून सुरुवात करतो, कारण तेथील चूक सरळ आहे. वर्तवण्याला अधिकार लागतो. हवामान खाते पावसाचा अंदाज वर्तवते, ज्योतिषी भविष्य वर्तवतो. चाहता अंदाज ‘बांधतो’ किंवा ‘करतो’. परंतु नुसते क्रियापद बदलून आपले काम भागणार नाही, कारण चाहत्यांच्या ज्या बोलण्याला आपण सरसकट ‘अंदाज’ म्हणत आहात, त्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि मराठीत त्या प्रत्येकीला स्वतंत्र शब्द आहे.

हाती तुटपुंजे धागेदोरे असताना त्यांवरून जी बांधली जाते ती अटकळ. पूर्वानुभवाच्या हिशेबावर जो बेतला जातो तो आडाखा. जिला कर्ता नसतो आणि जिच्याविषयी कोणाला जाब विचारता येत नाही ती कंडी. ती पिकते किंवा पिकवली जाते. आणि जी कोणीतरी हेतुपुरस्सर सोडतो ती पुडी. ‘होरा’ हा शब्द ज्योतिषातून आला असला, तरी ‘माझा होरा चुकला’ असे आपण निवडणुकीपासून क्रिकेटपर्यंत कशाविषयीही म्हणतो, त्यामुळे तोही चालेल. मात्र होरा एकट्याचा असतो, चाहत्यांच्या जमावाचा नव्हे.

हा भेद किती उपयोगी आहे, हे पाहण्यासाठी ‘बॅटमन : आर्कम नाइट’चे उदाहरण घ्यावे. मार्च २०१४ मध्ये रॉकस्टेडी स्टुडिओने हा गेम जाहीर केला, तेव्हा ‘आर्कम नाइट’ हे पात्र सर्वस्वी नवे आहे आणि गेमसाठीच घडवलेले आहे, असे सांगितले होते. चाहत्यांचा त्यावर विश्वास बसला नाही. शिरस्त्राणाआडची ही व्यक्ती बॅटमनला इतकी जवळून ओळखते, त्याच्या लढण्याच्या सवयी तिला ठाऊक आहेत आणि तिच्या बोलण्यातून वैयक्तिक राग डोकावतो, एवढ्यावरून अनेकांनी तो बॅटमनचा एके काळचा साथीदार जेसन टॉड असावा, असे म्हटले. त्यांच्या हाती एवढेच धागे होते, म्हणून ती अटकळ. जून २०१५ मध्ये गेम आला आणि शिरस्त्राण उतरल्यावर आत जेसन टॉडच निघाला. नाव नवे होते, माणूस जुनाच होता.

आपल्या वुल्व्हरिनच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. डिसेंबर २०२३ मध्ये इन्सोम्नियॅकवर सायबर हल्ला झाला आणि कंपनीची दीड टेराबाइटहून अधिक अंतर्गत सामग्री बाहेर पडली. त्यानंतर कोणी एखाद्या पात्राविषयी छातीठोकपणे बोलत असेल, तर तो अटकळ बांधत असेलच असे नाही. परीक्षेचा पेपर फुटल्यावर ‘हा प्रश्न येणार’ असे सांगणाऱ्याला आपण हुशार म्हणत नाही. अशा मजकुराला लेखात ‘फुटलेली माहिती’ असेच म्हणावे आणि चाहत्यांच्या अटकळींपासून तो वेगळा ठेवावा.

प्रतिसाद २

वरील विवेचन पटले. मी ‘मानांकन’ या शब्दाविषयी लिहिते, कारण संपादकांनी ओढलेल्या तीन रेघांपैकी ही सर्वांत योग्य रेघ आहे असे मला वाटते.

मराठीत मानांकन ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, कारखान्याला आयएसओ मानांकन मिळाले, टेनिसपटू स्पर्धेत अग्रमानांकित आहे, देशाचे पतमानांकन उंचावले, या सर्व प्रयोगांत दर्जाची कबुली आहे. अमेरिकेत गेमच्या वेष्टनावर जो ‘टी’ किंवा ‘एम’ छापतात, त्याचा दर्जाशी काडीचा संबंध नाही. ‘टी’ म्हणजे मजकूर तेरा वर्षांपुढील मुलांसाठी योग्य आणि ‘एम’ म्हणजे सतरा वर्षांपुढील व्यक्तींसाठी योग्य. अत्यंत सुमार गेमही ‘एम’ असू शकतो. ‘गेमला एम मानांकन मिळाले’ हे वाक्य वाचून आमच्या पिढीतला वाचक अभिनंदनाचे पत्र लिहायला बसेल. घोटाळ्याचे मूळ असे की, ‘रेटिंग’ हा एकच शब्द आपण दोन कामांना वापरतो : समीक्षक दहापैकी आठ गुण देतो तेही रेटिंग आणि वयाचा शिक्का मारला जातो तेही रेटिंग. पहिल्याला ‘गुणांकन’ म्हणता येईल. दुसऱ्यासाठी मात्र वयाचा उल्लेख करणारा शब्दच हवा.

तो कोणता? ‘प्रमाणपत्र’ हा शब्द आपल्याला सिनेमामुळे ओळखीचा आहे. आपल्याकडे चित्रपटाला ‘यू’, ‘ए’ आणि २०२४ पासून ‘यूए ७+’, ‘यूए १३+’, ‘यूए १६+’ अशी प्रमाणपत्रे मिळतात आणि त्यांच्याशिवाय चित्रपटगृहात खेळ लावता येत नाही. अमेरिकेतला प्रकार तसा नाही. तेथील एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड ही संस्था १९९४ मध्ये गेम-उद्योगानेच उभी केली. आदल्या वर्षी डिसेंबरमध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’सारख्या गेममधल्या रक्तपातावरून सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या होत्या, आणि सरकारने कायदा करण्याआधी आपणच काही व्यवस्था केलेली बरी, असा उद्योगाने विचार केला. मंडळाचा शिक्का घेणे तेथे कायद्याने बंधनकारक नाही; मोठी दुकाने आणि कन्सोलच्या कंपन्या शिक्क्याविना गेम घेत नाहीत, म्हणून तो व्यवहारात अटळ झाला आहे. त्यामुळे ‘प्रमाणपत्र’ बाद.

‘वयोमर्यादा’ हा शब्द सुटसुटीत आहे, पण तोही सर्वत्र बसत नाही. मर्यादा ओलांडली की दंड असतो. हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. म्हणजे अमेरिकेत ‘एम’ ही कायद्याची मर्यादा नसून पालकांसाठी दिलेली सूचना आहे. उलट ब्रिटनमध्ये २०१२ पासून युरोपीय ‘पेगी’ पद्धतीतले १२, १६ आणि १८ हे आकडे दुकानदारांवर बंधनकारक आहेत, तेव्हा तेथे ‘वयोमर्यादा’ अचूक ठरेल. शब्द एकच हवा असेल, तर तो दोन्हीकडे चालणारा असावा, म्हणून मी ‘वयोगट’ सुचवते. पद्धतीविषयी लिहायचे असल्यास ‘वयोगट-वर्गीकरण’ म्हणावे. काही ठिकाणी ‘वयोश्रेणी’ असे वाचायला मिळते, ते कृपया टाळावे : ‘वयस्’पुढे ग किंवा म आला की ‘वयो’ होते, श आल्यावर ते होत नाही, आणि शुद्ध ‘वयःश्रेणी’ लिहिले तर वाचक आयुर्वेदाचे पुस्तक समजून पान उलटेल.

आता प्रतिसाद १ मधल्या ‘आडाखा’ या शब्दाला तेथल्याच ‘आर्कम नाइट’मधून पुरावा देते. ‘आर्कम’ मालिकेतले २००९, २०११ आणि २०१३ चे तीनही गेम अमेरिकेत ‘टी’ होते. तीनदा ‘टी’, म्हणून चौथ्यांदाही ‘टी’, असा चाहत्यांचा आडाखा होता. ‘आर्कम नाइट’ मात्र रक्त, भाषा, सूचक विषय आणि हिंसा या कारणांसह ‘एम’ ठरला आणि आडाखा चुकला. वुल्व्हरिनबाबत चाहते नेमका याच्या उलट हिशेब करतात. इन्सोम्नियॅकचे २०१८, २०२० आणि २०२३ चे तीनही स्पायडर-मॅन गेम ‘टी’ होते, परंतु स्पायडर-मॅन शत्रूला जाळ्यात गुंडाळून भिंतीला चिकटवतो, तर वुल्व्हरिनच्या मुठीतून धातूची पाती निघतात. ती पाती माणसावर चालणार आणि रक्त दिसणार नाही, हे कोणालाच खरे वाटत नाही. २०२५ च्या झलकीत तर रक्ताला तोटा नव्हता.

प्रतिसाद ३

राहिला ‘खलनायक’. हा शब्द चुकीचा नाही, पण आपल्या विषयाला अपुरा आहे. झलकीत दिसलेल्या पात्रांपैकी मिस्टिक ही स्त्री आहे आणि ओमेगा रेड हा पुरुष, तेव्हा ‘खलनायक’ म्हटले की मिस्टिक वगळली जाते आणि ‘खलनायक-खलनायिका’ असे दर वेळी लिहिले की वाक्य लंगडते. शिवाय नायक एक, म्हणून खलनायकही एक, अशी या शब्दाची घडण आहे. सुपरहिरोच्या कथांत मात्र एकासमोर दहा जण असतात. यासाठी ‘खलपात्र’ हा नपुंसकलिंगी शब्द बरा. ‘खलपात्रे’ म्हटले की स्त्री, पुरुष आणि यंत्रमानव असे सगळेच त्यात सामावतात.

कोणी ‘प्रतिनायक’ सुचवण्याआधीच हरकत नोंदवतो. संस्कृत नाट्यविचारात प्रतिनायक हा नायकाचा शत्रू असून तो लोभी, उद्धत, हेकट, पापी आणि व्यसनी असतो. आधुनिक मराठी समीक्षेत मात्र हाच शब्द नायकाचे रूढ गुण नसलेल्या नायकासाठीही वापरला जातो, आणि त्या अर्थाने प्रतिनायक खुद्द वुल्व्हरिनच आहे : तो तापट आहे, दारू पितो, माणसे मारतो आणि तरीही आपण त्याच्या बाजूने असतो. ‘वुल्व्हरिनचा प्रतिनायक कोण?’ या प्रश्नाचे उत्तर ‘वुल्व्हरिन’ असे निघू लागले, तर वाचकाने काय समजावे?

आणखी एक बारकावा. मिस्टिक १९७८ पासून मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये आहे आणि तिने कधी वुल्व्हरिनच्या एक्स-मेन या संघाशी वैर केले आहे, तर कधी त्यांच्या बाजूने काम केले आहे. ती झलकीत दिसली म्हणजे ती खलपात्रच असेल, ही सुद्धा अटकळच आहे. १९९२ मध्ये अवतरलेल्या ओमेगा रेडविषयी असा संशय घेण्याचे कारण नाही.

प्रतिसाद ४

मी रोज गेम खेळतो, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. आम्ही आपसांत ‘मेन व्हिलन’ आणि ‘बॉस’ हे दोन शब्द बोलतो आणि ते समानार्थी नाहीत. व्हिलन कथेत असतो, बॉस खेळात असतो. ज्याच्याशी लढून त्याची ताकदीची पट्टी रिकामी करावी लागते तो बॉस. तो कथेत अगदी किरकोळ असू शकतो. याउलट ‘आर्कम नाइट’मध्ये जोकर सगळीकडे आहे, पण तो २०११ च्या गेममध्येच मेलेला असून बॅटमनला भासरूपाने दिसतो. तो परत येणार, ही चाहत्यांची अटकळ खरी ठरली म्हणावी की खोटी, यावर आम्ही मित्र अजून भांडतो. ‘ओमेगा रेड हा बॉस असेल’ आणि ‘ओमेगा रेड हा मुख्य खलपात्र असेल’ ही दोन वेगळी विधाने आहेत, एवढे लेखात सांभाळावे. ‘बॉस’चे मराठीकरण मात्र करू नये. ‘सरदार’ लिहिले तर आम्हालाच कळणार नाही.

प्रतिसाद ५ (विचारणा करणारी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाक्य पुढीलप्रमाणे बदलले आहे : ‘वुल्व्हरिनसमोर कोणकोणती खलपात्रे उभी ठाकतील, याविषयी चाहते अटकळी बांधत आहेत, गेमला ‘एम’ हा वयोगट मिळेल, असा त्यांचा आडाखा आहे.’ प्रतिसाद ४ मध्ये ‘मुख्य खलपात्र’ पुल्लिंगी झाले आहे, तेवढे ‘ओमेगा रेड हा मुख्य खलपात्र असेल’ यातील ‘हा’ काढून मी उद्धृत करीन.

प्रतिसाद ६ (प्रतिसाद २ लिहिणारी)

वाक्य चांगले उतरले आहे. फक्त ‘मिळेल’ बदलावे. बक्षीस मिळते, मानांकन मिळते, वयोगट ‘ठरतो’. ‘मिळेल’ लिहिल्याने मानांकन दाराबाहेर काढूनही त्याचे क्रियापद घरातच राहिले आहे. ‘गेमचा वयोगट ‘एम’ ठरेल’ असे करावे. विक्रीवर होणाऱ्या परिणामाविषयी पुढे लिहिणार असाल, तर ‘गेमला ‘एम’ लागला’ असेही चालेल. कर लागतो, दंड लागतो, त्या चालीवर. तेथे निर्मात्याला थोडीशी झळ बसल्याचा अर्थ आपोआप येतो, तो हवा असेल तरच.