लॅसिकनंतर डोळे कोरडे पडतायत, मदत हवी आहे (कोल्हापूर)

शिरोलीकर:
दोन्ही डोळ्यांचं लॅसिक (चष्म्याचा नंबर घालवणारं लेझर ऑपरेशन) होऊन तीन महिने झाले. नंबर गेलाय, तपासणीत ६/६ येतं. पण दुपारनंतर डोळ्यांत कचकच होते, स्क्रीनवरची अक्षरं धूसर होतात आणि पापण्या मिटून उघडल्या की परत स्पष्ट दिसतात. काम एमआयडीसीत, येणं-जाणं दुचाकीवर, ऑफिसात एसी. सीएमसी ०.५ टक्केचे थेंब (कृत्रिम अश्रू) दिवसातून सात-आठ वेळा घालतो, पण आराम तेवढ्यापुरताच. थेंब बदलू का? हे कधी थांबणार?

पापणी:
पापणी मिटल्यावर स्पष्ट दिसतंय, म्हणजे बहुतेक अश्रूंचा थर लवकर फाटतोय. नंबर परत आला असता तर मिटून फारसा फरक पडला नसता. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, कापताना त्यातल्या बारीक नसाही कापल्या जातात. मग डोळा कोरडा पडलेला नीट जाणवत नाही, पाणी कमी सुटतं, पापणीही कमी लवते. नसा सावकाश वाढतात. बहुतेकांना सहा ते बारा महिन्यांत आराम पडतो, तेव्हा तिसऱ्या महिन्यात घाबरू नका.

आधी बाटलीवरचं लेबल वाचा. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्वेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) लिहिलं असेल तर दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ते डोळ्यांत जाणं वाईटच, कोरडेपणा वाढतो. डॉक्टरांना विचारून प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब घ्या. एका वेळी एकच थेंब पुरतो, दुसरा गालावर ओघळतो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. आणि कचकच सुरू व्हायची वाट न बघता ठरल्या वेळी घाला.

गुऱ्हाळवाट:
हेल्मेटची काच खाली ठेवा हो, निम्मा त्रास वाऱ्याचा असतो. गुऱ्हाळांच्या हंगामात धुराच्या पट्ट्यातून जाताना तर नक्कीच. एसीचा झोत तोंडावर घेऊ नका. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडी खाली ठेवलीत की डोळा कमी उघडा राहतो.

शिरोलीकर:
काच उघडीच असते, खरंय. मेडिकलवाल्यानं लाली घालवणारे थेंब दिलेत. घरचे गुलाबपाणी घाल म्हणतात. गरम शेकही सुचवलाय कुणीतरी.

पापणी:
पहिली दोन्ही बाद. लालीचे थेंब रक्तवाहिन्या आवळतात, कोरडेपणा तिथंच राहतो, वर सोडल्यावर लाली उलटून येते. गुलाबपाणी निर्जंतुक नसतं.

शेक उपयोगी आहे, पण पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच करा, कारण फ्लॅपवर दाब नको आणि डोळे चोळणं तर नकोच. सोसवेल इतक्या कोमट कापडानं पाच ते दहा मिनिटं, कापड गार झालं की बदलायचं.

तपासणीला गेलात की शर्मर चाचणी आणि टीबीयूटी (पापणी लवल्यावर अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते) करून मागा. शर्मरमध्ये खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. ५ मिमीपेक्षा कमी भिजली तर पाणीच कमी. टीबीयूटी १० सेकंदांच्या आत आला तर थर टिकत नाही. या थेंबांनी भागलं नाही तर सायक्लोस्पोरिन (दाह कमी करणारे थेंब) किंवा अश्रुनलिकेत बसवायचा प्लग असतो. सायक्लोस्पोरिन सुरुवातीला झोंबतं आणि गुण यायला काही आठवडे ते महिने लागतात, लोक नेमकं त्याआधीच सोडतात. स्टेरॉइडचे थेंब मनानं घालू नका, डोळ्यातला दाब वाढतो.

गुऱ्हाळवाट:
सर्दीसाठी सेट्रिझिन चालू असेल तर तेही सांगा, त्यानं कोरडेपणा वाढतो. आणि अचानक दुखलं, उजेड सोसेना, चिपडं यायला लागली किंवा मिटूनही धूसरच राहिलं, तर त्याच दिवशी दाखवा.