मदत हवी आहे: नवरा-बायकोने मिळून खेळायला ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम कोणता? (तो पुण्यात, मी सोलापुरात)

नमस्कार मंडळी,

दोघांना मिळून रात्री तासभर खेळता येईल असा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम शोधतेय. मोठं जग, आपापलं कॅरेक्टर, आजूबाजूला इतर खरी माणसं खेळत असलेली, असा.

नवरा नोकरीसाठी पुण्यात असतो, मी जुळे सोलापूरला सासू-सासऱ्यांसोबत. शनिवार-रविवार तो इकडे येतो. मधल्या दिवसांत फोन होतो, पण 'जेवलास का, काय भाजी होती, बरं झोप आता' याच्यापुढे बोलणं सरकत नाही. दोघंही दिवसभर राबलेले असतो, सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तेच तो घरी आला आणि आम्ही मिळून काही करत बसलो की कुठल्या कुठे गप्पा निघतात. हाताला एकत्र काम हवं, मग बोलणं आपोआप होतं. म्हणून हा धागा.

तो कॉलेजपासून गेम खेळतो. मी त्यामानाने नवीन, पण शिकायची तयारी आहे. मागे मोबाईलवरचा एक गाजलेला गेम आम्ही करून बघितला. त्यात मी त्याच्या जगात पाहुणी म्हणून जायचे. मारामारी दोघांनी करायची, पण कथा फक्त त्याची पुढे सरकायची आणि खजिन्याच्या पेट्याही त्याच्याच. हळूहळू मीच लॉगिन करणं टाळायला लागले. तेव्हा पहिली अट ही, की जे काही होईल ते दोघांचं व्हावं.

दुसरी अडचण लेव्हलची. तो रात्री उशिरापर्यंत जागू शकतो, मी नाही. तो पुढे गेला तर मी कायम मागे धावत राहणार. यावर एखाद्या गेमने तोडगा काढलाय का?

तिसरी, मला मध्येच उठता यायला हवं. सासूबाईंनी हाक मारली, दूध उतू चाललंय, तर अनोळखी लोकांना लढाईत अर्ध्यावर सोडून जाणं मला आवडणार नाही.

लॅपटॉप: आठ जीबी रॅम, एसएसडी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्याचा गेमिंगचा आहे. घरी फायबर आहे. महिन्याला वर्गणी भरावी लागेल असं शक्यतो नको, एकदा पैसे द्यायला हरकत नाही. मला लुटालुटीपेक्षा फिरणं, वस्तू गोळा करणं, बनवणं जास्त आवडतं. त्याला लढायला आवडतं.

जाणकारांनी सविस्तर सांगावं, ही विनंती.

प्रतिसाद १

फायनल फँटसी १४. फुकट ट्रायल लेव्हल ७० पर्यंत चालते, तीही कितीही दिवस. कथा फार सुंदर आहे. शिवाय गेममध्ये दोन खेळाडूंचं रीतसर लग्न लागतं, पाहुणे बोलावता येतात, आणि नंतर दोघांना बसता येईल असा चोकोबो (स्वारीचा मोठा पक्षी) मिळतो. डोळे झाकून घ्या.

प्रतिसाद २

गेम उत्तम आहे यात वाद नाही, पण ताईंच्या कामाचा नाही. ट्रायल अकाउंटला बरीच बंधनं असतात. एकाने गेम विकत घेतला की त्याची सोबतची मोफत मुदत संपल्यावर महिन्याची वर्गणी आलीच. शिवाय मुख्य कथेतल्या काही लढाया एकट्यानेच करायच्या असतात आणि संवादांचे प्रसंग खूप लांब. दोघं शेजारी उभे राहून आपापल्या स्क्रीनवर वेगवेगळं वाचत बसता. ज्यांना कथा हवी त्यांच्यासाठी सोनं आहे, तुम्हाला गप्पा हव्यात.

प्रतिसाद ३

तुमच्या अटी वाचल्या आणि एकच नाव आलं, गिल्ड वॉर्स २. मी आणि माझी बायको बरीच वर्षं खेळतोय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

हा गेम २०१२ मध्ये आला, मूळ गेम २०१५ पासून फुकट आहे. वर्गणी नाहीच. पुढचे विस्तार (नंतर आलेले जोड-भाग) विकत घ्यावे लागतात, पण मूळ गेममध्येच लेव्हल ८० पर्यंतचं सगळं जग आहे. आणि ८० ही मर्यादा इतक्या विस्तारांनंतरही वाढवलेली नाही. आज थांबलात आणि सहा महिन्यांनी आलात तरी मागे पडलात असं होत नाही.

लेव्हलचं उत्तर याच्या रचनेतच आहे. तुमचे मिस्टर ८० ला पोचले आणि तुम्ही १२ वर असलात, तरी ते तुमच्या भागात आले की गेम त्यांची ताकद त्या भागाच्या लेव्हलपर्यंत खाली आणतो. त्यांच्याकडे कौशल्यं आणि सामान जास्त, म्हणून थोडे वरचढ राहतील, पण एका फटक्यात सगळं साफ करून तुम्हाला बघत बसवणार नाहीत. त्यातून त्यांना बक्षीसही मिळतं, म्हणजे तुमच्यासोबत फिरणं हा त्यांच्यासाठी वाया गेलेला वेळ नसतो.

वाटणीचा प्रश्न येतच नाही. एकाच राक्षसाला दोघांनी मारलं तर दोघांना वेगळं सामान. एकाच दगडातून दोघं आपापलं तांबं काढतात, एकाच झाडाचं लाकूड दोघांना. आणि मला सर्वात आवडणारी गोष्ट: जीव संपला की कॅरेक्टर लगेच मरत नाही, खाली पडून लढत राहतं, आणि शेजारी असलेल्या कुणालाही त्याला उठवता येतं. त्यासाठी हीलर (इतरांना बरं करणारं कॅरेक्टर) असण्याची गरज नाही. बायको नवीन असताना मी तिला उठवायचो. आता बऱ्याचदा उलट होतं.

मध्येच उठण्याबद्दल. नकाशावर ठिकठिकाणी आपोआप घटना सुरू होतात. गावावर हल्ला, व्यापाऱ्याच्या तांड्याला सोबत, असलं काही. जो जवळ असेल तो सामील होतो, निघून गेला तर कुणी अडत नाही. पाच जणांच्या डंजनमध्ये (गटाने मिळून पार करायच्या बंदिस्त मोहिमेत) तेवढं सुरुवातीला जाऊ नका.

फुकट अकाउंटला बंधनं आहेत: दोनच कॅरेक्टर, वस्तू मेलने पाठवता येत नाहीत, बाजारातही मोजक्याच वस्तू. तुम्हाला बनवायची आवड आहे म्हणून सांगतो, नवऱ्याला बनवून द्यायचं हे फुकटात अवघड जाईल. आवडलं तर सवलतीत एखादा विस्तार घ्या, ही बंधनं जातात.

प्रतिसाद ४

वरच्यांशी बराचसा सहमत, पण एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन विसरू नका. २०१६ च्या बदलानंतर तिथेही कुठल्याही लेव्हलच्या दोघांना कुठेही एकत्र फिरता येतं, वर्गणी सक्तीची नाही. घर घेऊन सजवता येतं. दोघांनी मिळून एक विधी केला की अंगठी मिळते, दोघांनी ती घालून एका गटात खेळलं की अनुभवाचे गुण दहा टक्के जास्त. फक्त ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर मला त्याची खात्री देववत नाही, आणि जागाही पुष्कळ खातो.

प्रतिसाद ५

मी पण सोलापूरचाच, विजापूर रोड. इथलं जे आहे ते सांगतो बघा.

फायबर किती एमबीपीएसचं आहे याने गेमला फार फरक पडत नाही, पिंग बघायचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ. आपल्याकडून सिंगापूरला साधारण शंभर मिलिसेकंदांच्या आत, युरोपला दीडशे-दोनशे, अमेरिकेला त्याहून जास्त. गिल्ड वॉर्स २ चे सर्व्हर युरोप आणि अमेरिकेतच आहेत. अकाउंट काढताना दोघांनी युरोपच निवडा. एकाने युरोप, दुसऱ्याने अमेरिका निवडलं तर एकत्र खेळताच येणार नाही. वायफायपेक्षा राउटरपासून लॅपटॉपला वायर ओढा, निम्मा त्रास तिथेच संपतो. लाईट गेली की राउटर बंद, म्हणून राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो तो घ्या. महाग नाही.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळीशीच्या वर, रात्री दहालाही भिंती तापलेल्या. ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप अशात लवकर गरम होऊन मंदावतो. सेटिंगमध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ३० वर बांधा, सावल्या बंद करा, आणि आजूबाजूची कॅरेक्टर किती दिसावीत तो आकडा सर्वात कमी ठेवा. मोठ्या लढाईत गर्दी झाली की लॅपटॉप तिथेच गुदमरतो.

तरीही चालला नाही तर ओल्ड स्कूल रुनस्केप. दिसायला जुनाट, पण कुठल्याही मशीनवर आणि मोबाईलवरही त्याच अकाउंटने चालतो. तो ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, त्यामुळे पिंग जास्त असला तरी अडत नाही. मासेमारी, लाकूडतोड, स्वयंपाक, सगळं आरामात, गप्पा मारायला पुष्कळ मोकळीक. अल्बियन ऑनलाइन या गेमचा सर्व्हर आशियात आहे, मोबाईलवरही चालतो, पण लाल आणि काळ्या भागात दुसरे खेळाडू मारून सगळं सामान नेतात. तुम्ही लुटालूट नको म्हणालात, म्हणून नको.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नीट कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री नवऱ्याला सगळे प्रतिसाद फोनवर वाचून दाखवले, त्यावरूनच बराच वेळ बोललो.

गिल्ड वॉर्स २ ठरलंय. सर्व्हर युरोप, वायर आजच ऑफिसमधून येताना नवी पेठेतून आणते. डाउनलोड पूर्ण व्हायच्या आधीच खेळायला सुरुवात करता येते असं त्याने वाचलंय, खरं का? आणि कॅरेक्टर बनवताना काय काळजी घ्यायची? त्याला चार्र घ्यायचाय, तो शिंगंवाला, मांजरासारखा दिसणारा वंश, मला सिल्व्हारी आवडली, ती झाडापासून जन्मलेली माणसं.

प्रतिसाद ३ (पुन्हा)

हो, थोडं उतरलं की सुरुवात होते, उरलेलं मागे चालू राहतं.

वंश मात्र दोघांनी एकच घ्या, हे महत्त्वाचं. प्रत्येक वंशाची सुरुवात वेगळ्या भागात होते आणि फुकट अकाउंटला लेव्हल १० पर्यंत तिथून बाहेर पडता येत नाही. वेगळे वंश घेतलेत तर पहिले काही दिवस तुम्ही दोन टोकांना. शिवाय सुरुवातीला कॅरेक्टरच्या भूतकाळाबद्दल प्रश्न विचारतात, त्यांवर तुमची कथा ठरते. त्यांची उत्तरंही फोनवर बोलून सारखीच द्या. मग कथेचा प्रत्येक टप्पा एकत्र खेळता येतो, आणि तो संपला की दुसऱ्यालाही विचारलं जातं, तुमच्या खात्यात धरायचा का. दोघांनी 'हो' म्हणायचं.

तुम्ही रेंजर घ्या. लांबून धनुष्य चालवता येतं, आणि पाळीव प्राणी पुढे उभा राहून मार खातो, त्यामुळे तुम्हाला सवय होईपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळतो. त्यांना गार्डियन घेऊ द्या, समोर जाऊन लढायची हौस फिटेल. चार्र त्यांना फारच हवा असेल तर दुसरं कॅरेक्टर त्यासाठी ठेवा, जागा दोन आहेतच.

मूळ लेखिका

त्याच्याशी बोलले. सिल्व्हारी मान्य आहे त्याला. आज रात्री दहानंतर सुरू करतोय.