नव्या फोनमध्ये पेन असूनही मी जुन्या टॅबवरच का लिहिते

निळी शाई

माझ्याकडे दोन वस्तू आहेत. एक २०१२ सालचा सॅमसंग गॅलक्सी नोट १०.१ टॅब आणि दुसरा गॅलक्सी एस२२ अल्ट्रा फोन. पेन दोन्हींत आहे, दोन्हींत तो आतल्या खाचेतच बसतो. फोन आला तेव्हा घरातल्या सगळ्यांनी धरून चाललं होतं की टॅब आता कपाटात जाणार. तो अजून टेबलावरच आहे, आणि रोज वापरात आहे.

मी मुद्रितशोधन करते. पुस्तकाची पानं पीडीएफमध्ये येतात, त्यांवर मी पेनाने खुणा करते: हंसपद (काही सुटल्याची खूण), काट, समासात दुरुस्ती.

आकडे पाहिले तर तुलना करायचीच गरज नाही. टॅबमध्ये २ जीबी रॅम, १.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८० बाय ८०० चा पडदा, म्हणजे इंचाला दीडशे बिंदूही भरत नाहीत. फोनचा पडदा ३०८८ बाय १४४०, इंचाला ५०० बिंदू. पेनाचा दाब टॅब १०२४ पायऱ्यांत ओळखतो, फोन ४०९६ पायऱ्यांत.

पण पट्टी घेऊन पडदा मोजला तर? टॅब साधारण २१.७ बाय १३.६ सेंटिमीटर, फोन १५.६ बाय ७.३. डेमी आकाराचं पुस्तक साडेआठ बाय साडेपाच इंच असतं, म्हणजे २१.६ बाय १४ सेंटिमीटर. टॅब उभा धरला की छापल्यावर वाचकाच्या हातात येईल जवळजवळ त्याच मापाचं पान समोर येतं. फोनवर तेच पान निम्म्या रुंदीचं होतं. मोठं करावं तर समास बाहेर जातो आणि दुरुस्ती लिहायला जागा उरत नाही. समास दिसेल इतकं लहान करावं तर अनुस्वार शोधत बसावं लागतं, आणि राहून गेलेला अनुस्वार शोधणं हेच तर माझं काम आहे.

दुसरी गोष्ट तळहाताची. लिहिताना आपण हात टेकवतो. करंगळीकडची बाजू कागदावर असते, म्हणून बोटं मोकळी राहतात. फोनवर चौथ्या-पाचव्या ओळीपासून तो हात कडेवरून खाली घसरतो, मनगट अधांतरी राहतं आणि अक्षर बिघडतं. माझं अक्षर वाचून दुसऱ्या कुणाला तरी दुरुस्ती करायची असते, त्यामुळे ते बिघडून चालत नाही.

आणि तिसरी. या टॅबला आता दुसरं काही येतच नाही. तो अँड्रॉइडच्या किटकॅट या जुन्या आवृत्तीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. २०२३ च्या ऑगस्टपासून गूगलने किटकॅटसाठी प्ले सर्व्हिसेस, म्हणजे ज्यांवर बरीचशी ॲप चालतात त्या सेवा, नव्याने देणंही थांबवलं. त्यावर निरोप येत नाहीत, फोन वाजत नाही. चार तास मी आणि पान, एवढंच.

माझं म्हणणं असं की लिहिण्याच्या कामात पेन किती भारी यापेक्षा पेन आणि हात टेकायला जागा किती, हे महत्त्वाचं. आणि ही जागा फोन कितीही नवा असला तरी देऊ शकत नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांचं म्हणणं मला मनापासून ऐकायचं आहे.

मोजपट्टी

मला पटत नाही. तुमचं सगळं म्हणणं टेबल धरून आहे. मी बांधकामावर देखरेख करतो. माझं टेबल म्हणजे डावा हात.

स्लॅब भरायच्या आधी सळ्यांमधलं अंतर तपासायचं असतं. दहा ठिकाणी मोजायचं आणि चुकलं तर लगेच सांगायचं. मी फोनमधून पेन ओढतो, पडदा बंद असतानाच काळ्या पडद्यावर आकडे लिहितो. ही सोय नोट मालिकेच्या फोनवर २०१५ पासून आहे आणि माझ्या लेखी तीच पेनाची सगळ्यात मोठी कमाई आहे. कुलूप उघडायचं नाही, ॲप शोधायचं नाही. नाहीतर फोटो काढतो आणि फोटोवरच बाण मारून माप लिहितो. गवंडी, फिटर, इंजिनिअर, तिघांनाही तो फोटो एका क्षणात कळतो.

तुमचा टॅब ६०० ग्रॅमच्या आसपास असेल, फोन २२८. शिडीवर एका हाताने टॅब धरून लिहून पाहा. मी पूर्वी टॅब बाळगायचो. व्हायचं असं की तो गाडीत असायचा आणि मी तिसऱ्या मजल्यावर. मग आकडे हातावर, सिमेंटच्या पोत्यावर, जिथे जमेल तिथे लिहायचे आणि संध्याकाळी उतरवून घ्यायचे. उतरवताना एकदा ५ चा ६ झाला आणि एक अख्खी रांग परत बांधावी लागली.

जागा मोठी असून काय करायचं, ती वेळेला जवळ नसेल तर?

निळी शाई

मोजपट्टी, तुमच्या कामाला फोनच हवा, त्यात वादच नाही. पण तुम्ही जे करता ते टिपणं आहे आणि मी म्हणते ते लिहिणं. दहा आकडे टिपायला मोठी जागा लागत नाही. तीनशे पानं वाचायला लागते.

मोजपट्टी

हा भेद मला मान्य नाही. त्या दहा आकड्यांवर मजला उभा राहतो. ते 'नुसतं टिपणं' नाही.

निळी शाई

तुमचं बरोबर आहे. 'नुसतं' हा शब्द मी लिहिला नव्हता, पण वाक्यात तो सूर होता. मागे घेते.

विद्युतलहर

थोडं तंत्राबद्दल, कारण मूळ मुद्द्यात एक गल्लत होते आहे.

या दोन्ही वस्तूंमधला पेन एकाच तत्त्वावर चालतो. पडद्यामागे तारांच्या वेटोळ्यांची पातळ पाटी असते. ती विद्युतचुंबकीय क्षेत्र सोडते, पेनातली कॉइल त्यातूनच ऊर्जा घेते आणि उलट सिग्नल धाडते. तो कुठून आला यावरून टोकाची जागा कळते आणि त्यात झालेल्या बदलावरून दाब. हे वॅकॉम या जपानी कंपनीचं तंत्र. म्हणून लिहायला पेनात सेल लागत नाही. फोनच्या पेनाला चार्ज लागतो तो बटणाच्या ब्लूटूथसाठी. तोही २०२५ च्या एस२५ अल्ट्रामध्ये काढून टाकला, आणि पेन लिहितो पूर्वीसारखाच.

म्हणजे तेरा वर्षांत पेनाचा पाया बदललेला नाही. बदललं ते बाकीचं. जुन्या बहुतेक टॅबमध्ये वरची काच आणि आतला पडदा यांच्यात फट असायची, त्यामुळे टोक एका जागी आणि रेघ किंचित बाजूला, असं दिसायचं. आता दोन्ही चिकटवलेले असतात. रेघ टोकामागून रेंगाळत यायची, तेही जवळजवळ संपलं. एस२२ अल्ट्रासाठी कंपनी २.८ मिलिसेकंदांचा दावा करते. त्यात पुढची रेघ कुठे जाईल याचा अंदाज बांधण्याचाही भाग आहे, तरी हाताला फरक जाणवतो.

आता मुख्य मुद्दा. निळी शाई, तुम्ही जुन्याची आणि नव्याची तुलना करतच नाही आहात. लहान आणि मोठ्याची करता आहात. आजचा पेनवाला टॅब समोर ठेवला तर तुमचे पहिले दोन्ही मुद्दे त्यालाही लागू होतील, आणि अक्षर कितीतरी स्वच्छ दिसेल. मग जुन्याच्या बाजूने फक्त तिसरा मुद्दा उरतो, की त्याला दुसरं काही येत नाही. तो गुण नाही, ती वस्तू मरत चालल्याची खूण आहे.

शेवटचा बाक

मी गणित शिकतो आणि निळी शाईंच्या बाजूने आहे. सिद्धता लिहिताना तीन पायऱ्या मागे काय गृहीत धरलं होतं ते डोळ्यांसमोर लागतं. फोनवर ते वर सरकून गेलेलं असतं. सरकवत सरकवत मी एकदा चिन्ह बदलायचं विसरलो आणि दोन पानं वाया गेली.

शिवाय २०१४ चा तो अभ्यास प्रसिद्धच आहे: हाताने टिपणं काढणाऱ्यांना समजुतीच्या प्रश्नांत जास्त चांगलं जमलं.

विद्युतलहर

तो अभ्यास कागद आणि लॅपटॉप यांचा होता, त्यात पेनवाला पडदा नव्हताच. आणि २०१९ मध्ये तो पुन्हा करून पाहिला गेला तेव्हा फरक तितका ठाम निघाला नाही. इथे तो कुणाच्याच बाजूने वापरू नये असं मला वाटतं. तुमचा चिन्हाचा अनुभव जास्त पटणारा आहे.

रेघोट्या

मी चित्रं काढते, आणि लहान जागेबद्दल मला उलटंच सांगायचं आहे.

पुस्तकासाठी चित्र करायचं असलं की मी आधी आठ-दहा चिमुकले आराखडे काढते. आकृती कुठे, मोकळी जागा किती, काळा भाग कुठे. हे मी मुद्दाम फोनवर करते. मोठ्या पडद्यावर बसले की हात लगेच डोळ्यांच्या पापण्यांपर्यंत पोचतो आणि रचना तशीच कच्ची राहते. फोनवर पापणी काढताच येत नाही. त्या अडचणीमुळे चित्र आधी उभं राहतं.

जुना टॅब माझ्याकडेही होता. दुसऱ्या बनावटीचा, पण साधारण त्याच काळातला. तिरकी रेघ सावकाश ओढली की ती थरथरत यायची आणि कडेजवळ टोकाचा नेम चुकायचा. खूण करायला ते चालतं, चित्राला नाही. म्हणून 'जागा असली की झालं' हे मला पटत नाही. जागा कशी आहे तेही बघावं लागतं.

तीन वर्षांची वही

सगळे पडद्याबद्दल बोलता आहात. आत साठलेल्या लिखाणाचं काय?

माझ्याकडे असाच पेनवाला टॅब होता. वडिलांच्या आजारपणाची तीन वर्षांची नोंद त्यात हाताने लिहिलेली: औषधं, तपासण्या, ते काय म्हणाले, कुठल्या दिवशी जेवले. ती फक्त त्या टॅबमधल्या ॲपलाच उघडता येईल अशा स्वरूपात होती. बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं. दुरुस्तीला दिला तेव्हा पडदा तुटला आणि नंतर तो सुरूच झाला नाही. सगळं गेलं. बाबांच्या शेवटच्या महिन्यातली काही वाक्यं मला आता शब्दशः आठवत नाहीत.

फोनवर सोय चालू ठेवली की लिहिलेलं आपोआप दुसरीकडे साठतं. तुमच्या टॅबवरून आता काहीच कुठे जात नाही आणि तुम्ही तेच त्याचं सुख म्हणून सांगता आहात. कृपा करून आजच सगळ्याच्या पीडीएफ काढा आणि मेमरी कार्डावर घ्या. कार्ड टॅबमध्ये ठेवू नका. आणि तो टॅब नेटला जोडू नका, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं केव्हाच थांबलं आहे.

निळी शाई

तुमचं वाचून मी काम थांबवलं आणि आधी तेच केलं. कामाच्या फाइली बाहेर होत्याच. पण माझ्या स्वतःच्या नोंदी, शब्दांच्या व्युत्पत्तीवर नऊ वर्षं लिहीत आलेली वही, ती आतच होती. आता दोन ठिकाणी आहे. तुमच्या वहीचं वाचून फार वाईट वाटलं.

मोजपट्टी

एक विचारू का? फोनवर 'व्यत्यय नको' लावलं की तोही गप्प बसतो. मग त्या टॅबच्या शांततेचं एवढं काय?

निळी शाई

लावून पाहिलंय. फोन गप्प असतो, पण मी तो गप्प केलेला असतो, आणि हे मला ठाऊक असतं. दर अर्ध्या तासाने कुणी काही पाठवलं असेल का हा विचार येतो, अंगठा तिकडे वळतो. टॅबमध्ये पाहण्यासारखं काही नसतंच, म्हणून विचारही येत नाही. विद्युतलहर याला मरत चालल्याची खूण म्हणतात. असेलही. कामाला मात्र त्याचा उपयोग होतो.

निळी शाई

आठवडा झाला, म्हणून सांगायला आले. एक फर्मा, म्हणजे सोळा पानं, मी दोन्हींवर वाचली. आधी टॅबवर, दोन दिवसांनी कोरी प्रत फोनवर.

फोनवर वेळ जवळजवळ दुप्पट लागला, मान दुखली, आणि समासातल्या दोन दुरुस्त्या मलाच परत वाचता आल्या नाहीत. परिच्छेदांचा क्रम एका ठिकाणी उलटा होता तो टॅबवर लगेच दिसला. फोनवर दिसला नसता असं मला वाटतं, कारण दोन्ही परिच्छेद एकदम समोर येतच नव्हते.

पण फोनवर एक चूक सापडली जी टॅबवर सुटली होती. 'वर्षांनी' मधला अनुस्वार गेला होता. रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटून येतात तिथे माझ्या टॅबवर एकच ठिपका दिसतो, आणि डोळा तो बरोबर असल्याचं समजून पुढे जातो. तेव्हा अशा जागा किती सुटल्या असतील या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. मागच्या दोन पुस्तकांच्या फाइली काढून मी फक्त रफार शोधत फोनवर वाचल्या. एका पुस्तकात आणखी दोन सापडल्या. ते अजून छापायला गेलेलं नव्हतं.

विद्युतलहर, जुना-नवा हा माझा वाद नव्हता हे तुमचं बरोबर. मोठा, स्वच्छ पडद्याचा टॅब घेणार आहे. तोवर वाचन जुन्यावर, आणि रफार असलेला प्रत्येक शब्द फोनवर.

विद्युतलहर

घ्याल तेव्हा जुना पेन टाकू नका, याच तत्त्वाचा टॅब असेल तर बहुतेक करून तो त्यावर चालेल. सॅमसंगच्या घडी होणाऱ्या फोल्ड मालिकेतल्या पेन चालणाऱ्या फोनवर मात्र वापरू नका, त्यांची फ्रिक्वेन्सी वेगळी आहे.

आणि तुमच्या टॅबला तीस पिनांची रुंद केबल लागते. ती आता सहज मिळत नाही. एकच असेल तर दुसरी आजच शोधायला लागा.

निळी शाई

एकच आहे. आणि टोकाशी तिची तार उघडी पडली आहे.