सरळ एक्स्चेंज नको, आधी मूळ भाग बसवा

कस्टम केलेली हार्ले-डेव्हिडसन फॅट बॉय शोरूमला एक्स्चेंजमध्ये देऊन रॉयल एनफिल्डची साधी क्लासिक ३५० घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. गाडी बदलायला माझा पाठिंबा आहे, पण शोरूमच्या भावात नको.

मुंबईत त्या गाडीला मोकळा रस्ता उरलाय कुठे? सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, तिन्हीकडे दुचाकींना बंदी. राहिले एलबीएस, एस. व्ही. रोडसारखे गर्दीचे रस्ते. तीनशे किलोंच्या वरची गाडी घेऊन सायनच्या सिग्नलला उभं राहिलं की मागच्या सिलिंडरची धग थेट उजव्या मांडीला लागते. मे महिन्यात तर जीव नकोसा होतो. क्लासिक १९५ किलोंची, सोसायटीच्या पार्किंगमधून एकट्याने मागे ओढता येते. जुन्या हायवेने खंडाळ्याचा घाट चढताना मात्र तिची वीसेक बीएचपीची ताकद कमी वाटणार, ही मनाची तयारी ठेवा.

आता पैशांचं. तुम्ही हौसेने बसवलेल्या सायलेन्सर-हँडलबारचे पैसे शोरूमवाला धरत नाही, उलट भाव पाडतो. मूळ भाग जपून ठेवले असतील तर ते परत बसवा आणि कस्टमचे सुटे विका. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारे बदल चालत नाहीत, त्यामुळे ट्रान्सफरला अडचण नको. मग थेट हौशी माणसालाच विका, तो भाव देईल.

आणि क्लासिकची टेस्ट राइड वहिनींना मागे बसवूनच घ्या.