जपानी भुतांचे पुढचे भाग : तुमचे अनुभव लिहा

२००३ साली होस्टेलच्या खोलीत आम्ही सहा जणांनी एका कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीने बसून 'रिंगु' हा जपानी भुताचा सिनेमा पाहिला. संपल्यावर दिवा लावायला कुणी उठेना. दुसऱ्याच दिवशी पुढचा भाग शोधायला निघालो आणि हाती लागला 'रासेन'. लावला तर त्यात शवविच्छेदन, विषाणू, प्रयोगशाळा. भीती कुठेच नाही. मला वाटलं, सीडीवाल्याने भलतंच काहीतरी गळ्यात मारलं.

तसं नव्हतं. 'रिंगु' आणि 'रासेन' जपानात एकाच दिवशी, ३१ जानेवारी १९९८ ला, जोडीने लागले होते. दोन्ही कोजी सुझुकींच्या कादंबऱ्यांवरून. पहिला हिदेओ नाकातांचा, दुसरा जोजी ईदांचा. पहिल्यावर लोकांच्या उड्या पडल्या, दुसऱ्याकडे पाठ फिरवली. मग 'रासेन' घडलाच नाही असं धरून नाकातांनी १९९९ मध्ये 'रिंगु २' केला.

माझं मत असं, की 'रिंगु'मधलं हे भूत, विहिरीत मेलेली सादाको, पहिल्या भागात घाबरवतं आणि पुढे पुढे त्याची दया यायला लागते. तुम्हाला काय वाटलं? पहिल्या भागावर भरपूर लिहून झालंय, तो नको. पुढचे भाग कुठे पाहिलेत, कुणाबरोबर पाहिलेत, तेही लिहा.

शाडू :
आमचा पेणला गणपतीचा कारखाना. त्यामुळे 'रिंगु २'मधली एकच गोष्ट माझ्या डोक्यात घर करून राहिली. विहिरीतून काढलेल्या सादाकोच्या कवटीवर माती चढवून तिचा चेहरा घडवतात. माती लावली की हाडाचं माणूस होतं, हे मी लहानपणापासून बघत आलोय. आमच्याकडे डोळे सगळ्यात शेवटी. आखणी होईपर्यंत ती माती असते, त्यावर हात पुसला तरी चालतो. आखणी झाली की बाबा आवाज खाली आणतात. सिनेमात पोलीस सांगतात, की ही मुलगी विहिरीत पडल्यावर लगेच मेली नाही, तीस वर्षं तिथे जिवंत होती. तीस वर्षं! आणि शेवटी सिनेमाची नायिका माई विहिरीतून वर चढत असते, तिच्या मागून सादाको सरसर येते, तेव्हा चेहरा तोच, मातीचा. ती विचारते, तूच का वाचलीस? मी ऐन सीझनमध्ये, रात्री कारखान्यात, मोबाईलवर बघत होतो. मागे दीडशे मूर्ती वाळत होत्या. फोन बंद केला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. भीती नव्हती ती. तिच्या प्रश्नाला उत्तर नाही, याने जीव कासावीस झाला.

विंगेतली :
मी राज्य नाट्य स्पर्धेसाठी तीन वर्षं पार्श्वसंगीत चालवलं, म्हणून मला २००० चा 'रिंगु ०' जवळचा. दिग्दर्शक नोरिओ त्सुरुता, सादाको झालीय युकिए नाकामा. इथे ती भूत नाहीच. टोकियोतल्या नाटक मंडळीत नवी आलेली, बुजरी मुलगी. मुख्य नटी मरते आणि भूमिका हिच्या पदरात पडते. मंडळी आधीच बिथरलेली, त्यात हे. तिच्यावर जीव लावणारा एकटा तोयामा, तोही आमच्यासारखा आवाजाची बाजू सांभाळणारा. तालमीत एखादीला एकदा वाळीत टाकलं की पुढे सगळ्याचं खापर तिच्यावर कसं फुटतं, ते मी पाहिलंय. त्या मुलीसाठी मी तेव्हा तोंड उघडलं नाही. शेवटी तिचा बापच तिला विहिरीत टाकतो. आत ती शुद्धीवर येते, वर बघते आणि झाकण सरकत जातं. या मालिकेत मी रडले ती इथेच.

कावासाकीकर :
दया वगैरे मला पटत नाही. 'जु-ऑन' ही दुसरी जपानी भुताची मालिका घ्या. ताकाशी शिमिझूंनी २००० मध्ये थेट व्हिडिओवर दोन भाग काढले, मग थिएटरसाठी दोन. त्यातलं भूत कायाको, तिचा नवऱ्याने घरातच खून केला, मान्य. पण त्या घराचा उंबरा ओलांडणारा प्रत्येक जण मरतो, मग तो मास्तर असो, की थिएटरच्या दुसऱ्या भागात शूटिंगला आलेली टीव्हीची माणसं. ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांना का?

इथे जपानात घर शोधताना हे अंगावर आलं. एजंटने एका फ्लॅटचं भाडं सांगितलं, शेजारच्यापेक्षा बरंच कमी. मग हलक्या आवाजात म्हणाला, 'जिको बुक्केन'. म्हणजे जिथे आत्महत्या, खून असं काही झालंय ते घर. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारने सूचना काढल्या : म्हातारपणाने मृत्यू झाला असेल तर सांगायची गरज नाही, असं काही घडलं असेल तर भाड्याच्या घरात साधारण तीन वर्षं सांगायचं. तीन वर्षांनी काय पुसलं जातं? खोली स्वच्छ, उजेड छान, गाद्या ठेवायच्या कपाटाचं सरकतं दार चार बोटं उघडं. मी आत पाऊल न टाकता बूट घातले.

रातवा :
२०१२ चा 'सादाको ३डी' पाहू नका. सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. पहिल्या 'रिंगु'त सादाकोच्या चालीसाठी रिए इनो या बाईंना उलटं चालायला लावून फिल्म उलटी फिरवली होती, त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही.

देवगडची :
मी 'रिंगु २' आईबरोबर पाहिला. सबटायटल मी वाचून दाखवत होते. सादाकोचा काका तिची शवपेटी होडीतून नेऊन समुद्रात सोडतो, तिथे आई म्हणाली, "थांबव जरा." मी थांबवलं. "तिचं दहावं कुणी केलं का? कावळा शिवला का?" मी म्हटलं, अगो आई, त्यांच्यात नसतं तसं. "मग सोडलं म्हणजे झालं का? ती परत येणार." आणि आलीच, पुढे पाण्यातून तीच पेटी वर येते. आईला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "तीस वर्षं कुणी हाक मारली नाही पोरीला," एवढंच म्हणाली. त्या वर्षी सर्वपित्रीला तिने भाताचा एक गोळा जास्त ठेवला.