पाटील आडनावाच्या संख्येबाबत

पाटील आडनाव एवढे पसरले याचा अर्थ ते घराणे मोठे असले पाहिजे, असे एक मत मांडले जाते, ते मला पटत नाही. पाटील हे मुळात गावच्या कामाचे नाव आहे, आणि गाव तेथे पाटील असल्यामुळे एकमेकांशी रक्ताचे कोणतेही नाते नसलेली आणि निरनिराळ्या जातींतील असंख्य कुटुंबे आज हेच आडनाव लावतात. वंशपरंपरागत मुलकी (म्हणजे महसुलाच्या कामाची) पाटीलकी महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने संपली, आडनाव मात्र राहिले.

आमच्याच घरचे उदाहरण देतो. आजोबांच्या नावावरील जमिनीच्या जुन्या फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीत, आडनाव ‘जाधव’ असे स्वच्छ लिहिलेले आहे. वडिलांना शाळेत घालताना मास्तरांनी, गावात सगळे ज्या नावाने हाक मारत तेच, म्हणजे ‘पाटील’, दाखल्यावर लिहिले आणि पुढची सर्व कागदपत्रे त्या दाखल्यावरूनच तयार झाली. चुलत आजोबांचे वंशज आजही जाधवच आहेत. एका कुळाची दोन आडनावे झाली, जाधवांची संख्या तेवढी घटली आणि पाटलांची वाढली, हे सारे शाळेच्या रजिस्टरातील एका ओळीमुळे घडले. वारसनोंदीच्या वेळी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आम्हाला करावे लागले, तेव्हा हे प्रथम लक्षात आले.