बिलं छापायलाच सॉफ्टवेअर घेतलं का आपण?

इतवारी_हार्डवेअर
काल इथं एका भाऊनं लिहिलं की "टॅली, बिझी ही हिशोबाची सॉफ्टवेअरं सगळा फुकटचा खर्च आहे, स्टॉक कधी जुळत नाही, त्यापेक्षा आमचा म्हातारा मुनीम लाल वहीत बरा होता." रात्रभर डोक्यात घुमून राहिलं म्हणून लांब लिहून राहिलो. भाऊ, सॉफ्टवेअर तुमच्याकडं आहे पण तुम्ही त्याची बिल छापायची मशीन करून टाकली. जुलै 2017 मध्ये जीएसटी लागला, सीए म्हणाले घ्या, आपण घेतलं, तेव्हापासून संध्याकाळी एक पोट्टा येते, दिवसभराची बिलं चढवते अन् जाते. कोणता माल पडून आहे, कोणाकडं किती दिवसांची उधारी आहे, कोणी उघडून पाहतच नाही.

मीही 5 वर्षं हेच केलं. पाऊण इंची एल्बो (पाइपचा कोपरा) माझ्या मास्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या मालाच्या यादीत, तीन नावांनी होता, एक "एल्बो पाऊण", एक "सीपीव्हीसी एल्बो 20 एमएम", एक नुसता "एल्बो छोटा". एकात उणे 200, दुसऱ्यात अधिक 340, मग स्टॉक काय कपाळ जुळणार! घरचे सगळे बसून दिवाळीच्या सुट्टीत नावं एकत्र केली अन् मग पहिल्यांदा एजिंगचा, म्हणजे कोणता माल किती दिवस पडून आहे त्याचा, रिपोर्ट काढला. 180 दिवसांच्या वर पडलेला माल निघाला 3 लाख 40 हजारांचा. बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिटच्या उचलीवर) व्याज भरून मी गंजलेले नट-बोल्ट पोसत होतो हो. त्यातला अर्धा माल खरेदीच्या भावात काढला, त्या वर्षी सीसी मर्यादेच्या वर गेली नाही. हा पैसा सॉफ्टवेअरमध्येच दिसत होता, फक्त पाहायची सवय नव्हती.

कूलरपंप_सक्करदरा
तुमचं हार्डवेअर बारा महिने चालते दादा, आमचं नाही. रीऑर्डर लेव्हल, म्हणजे माल ठरल्यापेक्षा कमी झाला की मागवायची सूचना, लावून पाहिली मी. फेब्रुवारीत कॉम्प्युटर सांगते 12 पंप मागवा, कारण त्यानं मागचे तीन महिने पाहिले, म्हणजे नागपूरची थंडी पाहिली. अन् मार्च संपता संपता पारा 40 वर गेला की एका दिवसात 30 पंप जातात, वाळ्याच्या ताट्या तर मिळत नाहीत. त्याच्या भरवशावर राहिलो असतो तर ऐन सीझनमध्ये गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं असतं. माझ्या बाबांना हवेचा वास घेऊन कळते कधी माल भरायचा.

इतवारी_हार्डवेअर
बाबांचा अनुभव मी खोटा कुठं म्हणून राहिलो. पण मागचे तीन महिने काऊन पाहता? मागच्या वर्षीची 15 मार्च ते 15 जून तारीख टाका, आयटमवार विक्री काढा, कोणता पंप किती गेला, कोणत्या आठवड्यात गेला, सगळं येते. बाबांना पंप कधी भरायचे ते कळते, 18 वॅटचे किती अन् 40 वॅटचे किती हे वहीतून काढायला रात्र जाते.

कूलरपंप_सक्करदरा
तारीख बदलायचं डोक्यात आलं नव्हतं, हे मान्य. पण रीऑर्डरचा अलार्म आमच्या कामाचा नाही, यावर मी ठाम आहे.

बर्डी_स्टेशनरी
मी इतवारीच्या दादांच्या बाजूनं. 22 सप्टेंबर 2025 ला वह्यांवरचा 12 टक्के जीएसटी शून्य झाला, आठवतं ना? गिऱ्हाईक खूश, पण करमाफ झालेल्या मालाचं काय, 21 तारखेच्या रात्री जेवढ्या वह्या शिल्लक होत्या त्यावर आधी घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) परत करायचं होतं. माझ्याकडं रोजची खरेदी-विक्री आयटमवार चढलेली, दोन तासांत आकडा निघाला. रॅकमध्ये मोजून पाहिलं, 4 डझनांचा फरक, तो दुरुस्त केला. गल्लीतल्या एका दुकानदारानं मात्र वह्यांचा स्टॉक अंदाजानं लिहून दिला, अजूनही सीएशी त्याची खडाजंगी चालू आहे. ज्याला स्टॉक ठेवायचा कंटाळा येतो त्यानं अशी एक तारीख डोळ्यासमोर आणावी.

लकडगंज_प्लायवाला
कालची पोस्ट माझी होती. तुम्ही सगळे मला शहाणपण शिकवून राहिले म्हणून लिहितो. प्लायची शीट 8 बाय 4, म्हणजे 32 चौरस फूट. कारखाना शीटनं बिल देते, सुतार चौरस फुटानं भाव करते, अर्धी शीट कापून नेते, उरलेला तुकडा आठ दिवसांनी दुसऱ्याला जाते. हे कॉम्प्युटरमध्ये कसं बसवायचं ते सांगा, मग बोला. मुनीमजींना कोणता तुकडा कोणत्या कोपऱ्यात आहे ते तोंडपाठ होतं, अन् 22 वर्षांत त्यांचा हिशोब एकदा चुकला नाही.

गांधीबाग_थोक
जुळत नाही म्हणता, पण खरं कारण सगळ्यांना माहीत आहे. कच्च्यावर माल जाते, पक्कं बिल फाटत नाही, मग कॉम्प्युटरमध्ये माल जास्त अन् दुकानात कमी. कच्च्यावर आणला तर उलटं, स्टॉक उणे. सॉफ्टवेअर बिचारं काय करणार?

लकडगंज_प्लायवाला
तोंड सांभाळून बोला हं. माझ्या दुकानावर बोट दाखवायचं काम नाही. माझं प्रत्येक बिल पक्कं आहे, फरक तुकड्यांचा आहे. तुमच्या थोक बाजारात काय चालते ते मी लिहायला बसलो तर?

गांधीबाग_थोक
तुमचं नाव घेतलं नव्हतं. बाजाराबद्दल बोललो, अन् जे बोललो ते मागं घेणार नाही.

पार्टटाइम_अकाउंटंट
संध्याकाळी येणारा तो पोट्टा मीच, म्हणून आता बोलतो. महाल, गांधीबाग, वर्धमाननगर मिळून 5 दुकानं करतो. कच्चं-पक्कं सोडा. मला महिन्याच्या शेवटी एका पन्नीत खरेदीची बिलं मिळतात, अर्धी भिजलेली, दोन-तीन तर मालकाच्या बायकोच्या पर्समध्ये राहिलेली. विक्री रोज चढली अन् खरेदी 25 दिवसांनी, तर मधले 25 दिवस स्टॉक उणेच दिसणार. त्यात कोणाची चोरी नाही, क्रम चुकला एवढंच. पैसे देताना मालक म्हणतात, "टाक ऑन अकाउंट." बिलावर जुळवू देत नाहीत. मग कोणत्या सप्लायरचं कोणतं बिल पैसे न देता 180 दिवसांच्या वर गेलं हे कुठून दिसणार? अन् ते गेलं की क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागते, तेव्हा शिव्या मला.

दुसरं दुखणं पासवर्डचं. एका मालकानं आधीच्या अकाउंटंटला सगळं सोपवलं, त्यानं टॅली व्हॉल्ट, म्हणजे खात्यांना पासवर्डचं कुलूप, लावला, भांडण झालं, तो गेला. व्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर टॅलीची कंपनीसुद्धा काढून देत नाही. दोन वर्षांची खाती छापील कागदांवरून पुन्हा चढवली मी, एप्रिलच्या उन्हात, एका पंख्याखाली. स्वतःच्या धंद्याची किल्ली मालकाजवळ नको का?

बर्डी_स्टेशनरी
हे वाचून लाज वाटली. माझ्याकडंही पासवर्ड फक्त अकाउंटंटताईंना माहीत आहे. आज विचारते.

लकडगंज_प्लायवाला
अकाउंटंटभाऊ, तुमचं पटलं. खरेदीची बिलं मीही महिन्यानंच देतो. पण तुकड्यांचं कोणी सांगितलं नाही अजून.

पार्टटाइम_अकाउंटंट
मुख्य युनिट चौरस फूट ठेवा, पर्यायी युनिट शीट, 1 शीट बरोबर 32. खरेदी शीटनं चढवा, विक्री फुटानं. कापताना वाया गेलेलं दर महिन्याला मोजून स्टॉक जर्नलनं, म्हणजे साठा दुरुस्तीच्या नोंदीनं, कमी करा. तुकडा कोणत्या कोपऱ्यात आहे हे मात्र तुमच्या मुनीमजींनाच विचारावं लागेल, ते कॉम्प्युटर सांगणार नाही.

लकडगंज_प्लायवाला
मुनीमजी मागच्या पोळ्याला गेले. म्हणूनच तर काल चिडून लिहिलं होतं.

इतवारी_हार्डवेअर
माहीत नव्हतं भाऊ, माफ करा. रविवारी दुकान बंद असते ना तुमचं? मी येतो, सकाळी 19 एमएम प्लायची एक रांग मोजू.

लकडगंज_प्लायवाला
या. एकच रांग. बाकीच्या रांगांचं जुळेपर्यंत वही बंद करणार नाही.